मीटर आधी की पाणी आधी? नळपट्टीचा चारशे वर्षांचा हिशोब

पोस्ट मोठी आहे. पण विषय प्रत्येकाच्या घरातल्या नळाचा आहे, तेव्हा सवडीने का होईना, पूर्ण वाचा.

आपल्या गावात नळाला मीटर बसवायची चर्चा पुन्हा सुरू झालीय. टपरीवर नेहमीप्रमाणे दोन तट पडलेत. एक म्हणतो, "पाणी काय दुकानातला माल आहे का, मोजून विकायला?" दुसरा म्हणतो, "फुकट मिळतंय म्हणूनच गटारात जातंय." दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि दोघांचंही अर्धवट आहे. पालिकेच्या सभा मी बरीच वर्षं बातमीदार म्हणून ऐकतोय. पाण्यावर जितका आरडाओरडा होतो, तितका हिशोब कधी होत नाही. आज तो हिशोब मांडतो. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

घागर हेच मीटर होतं

छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की बघायला आपण सगळेच सहलीला गेलोय. ज्या व्यवस्थेच्या परंपरेतली ती चक्की आहे, तिची सुरुवात मलिक अंबरने केली. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली आणि काही वर्षांतच नहर-ए-अंबरी बांधली. गावाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी मार्गाने गोळा करायचं, खापरी नळांतून उताराने गावात आणायचं आणि वाटेत जागोजागी मनोरे उभारून नळातली हवा आणि दाब सांभाळायचा, अशी ती रचना. पुढे इतरांनी आणखी नहरी काढल्या. तिकडे बऱ्हाणपूरला साधारण त्याच काळात कुंडी भंडारा झाला. आपल्या पुण्यात १७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून दगडी बांधकामाच्या भुयारी नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं.

या सगळ्यांत दोन गोष्टी सारख्या होत्या. एक, पाणी उताराने यायचं, त्यामुळे विजेचं बिल नव्हतं. दोन, खर्च सरकारी खजिन्यातून किंवा देणग्यांमधून व्हायचा. सामान्य माणसाला पाणीपट्टीचा कागद यायचा नाही.

पण म्हणून पाणी वाया जायचं का? फारसं नाही. कारण हौदापासून घरापर्यंत ते डोक्यावरून न्यावं लागायचं. बाईच्या मानेला जितकं पेलेल तितकंच पाणी घरात यायचं. म्हणजे घागर हेच मीटर होतं आणि त्याचं बिल बायका भरत होत्या. "पूर्वी पाणी फुकट होतं" असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा एवढं आठवावं.

या व्यवस्था बऱ्याच अंशी मोडल्या, त्याला कारणही साधं आहे. बांधणारा गेला, पैसे देणारा खजिना गेला, आणि देखभाल कुणाची हे ठरलेलं नव्हतं. नहरींवर घरं उभी राहिली, भुयारं गाळाने बुजली. पाण्याची व्यवस्था एकदा बांधून भागत नाही, ती रोज सांभाळावी लागते आणि त्या सांभाळण्याला पैसे लागतात. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

मुंबईला पाण्याची गाडी

लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा आपण सगळे हादरलो होतो. पण रेल्वेने पाणी आणायची वेळ महाराष्ट्रावर त्याआधीही आली होती, ती थेट मुंबईवर. साल १८५४. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावून जेमतेम वर्ष झालेलं. पाऊस लांबला, विहिरी आणि तलाव आटले. तेव्हा रेल्वेने आणि बोटींनी बाहेरून पाणी आणून शहरातल्या विहिरींमध्ये ओतावं लागलं.

त्या टंचाईतून विहार तलावाची योजना पुढे सरकली. हेन्री कोनीबेअर या इंजिनिअरच्या आराखड्यावर १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये नळाने पाणी आलं. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. शहर वाढत गेलं आणि तलाव दूर दूर जात गेले. विहारचं पाणी आलं तसा वादही आला, की बांधकामाचा खर्च सरकारने सोसायचा की नगरपालिकेने. म्हणजे आपल्या सभेत आज जे भांडण चालतं, ते दीडशे वर्षांहून जुनं आहे.

नळ आला आणि एक मोठी गोष्ट बदलली. घागरीला मर्यादा होती, नळाला ती नाही. तोटी उघडी ठेवून माणूस बाजारात जाऊ शकतो. तेव्हा आता मर्यादा कशी घालायची? एक मार्ग म्हणजे मोजून पैसे घेणं. दुसरा म्हणजे ठरावीक वेळच पाणी सोडणं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या शहरांनी दुसरा मार्ग धरला आणि पैसे मात्र ठोक लावले. अर्धा इंची जोडणीला वर्षाला अमुक, पाऊण इंचीला तमुक. तुम्ही दोन घागरी भरा नाहीतर मोटार लावून गच्चीवरची टाकी भरा, पट्टी तीच.

महाडचा ठराव

दर आणि मीटर याआधी एक प्रश्न येतो, पाणी कुणाचं? त्याचं उत्तर एका छोट्या शहरातच मिळालं.

सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, पाणी मात्र मिळालं नाही. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने तो ठराव मागे घेतला. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने सवर्णांचं अपील फेटाळलं. तळं पालिकेचं, म्हणजे सगळ्यांचं.

हे मी पाण्याच्या दराच्या पोस्टमध्ये मुद्दाम सांगतोय. पालिकेच्या पाण्यावर गावातल्या शेवटच्या माणसाचा हक्क आधी आहे. दर कितीही शास्त्रीय ठरवा, त्या दराने कुणाच्या घरातलं पिण्याचं पाणी बंद होणार असेल तर तो दर चुकीचा. आणि दुसरी गोष्ट, पालिकेचा ठराव म्हणजे नळाला पाणी नव्हे. ठराव झाल्यावर मागे लागणारे लोक हवेत.

योजना सरकारची, बिल पालिकेचं

स्वातंत्र्यानंतर नगरपरिषदांसाठी १९६५ चा कायदा आला. पिण्याच्या पाण्याची सोय हे पालिकेचं बंधनकारक काम ठरलं. पण पालिकेकडे धरणाएवढा पैसा कुठून येणार? म्हणून १९७० च्या दशकात राज्याचं पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ स्थापन झालं. तेच आजचं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, हे नाव १९९७ पासूनचं. योजना मंडळाने बांधायची, पैसा अनुदान आणि कर्जातून आणायचा, आणि काम झालं की पालिकेच्या ताब्यात द्यायची.

इथेच गोम आहे. उद्घाटनाला नारळ फोडायला सगळे असतात. दुसऱ्या दिवसापासून पंपाचं वीजबिल, तुरटी, क्लोरीन, कर्मचाऱ्यांचा पगार आणि फुटलेली पाईपलाईन हे सगळं पालिकेच्या गळ्यात पडतं. पूर्वीसारखं पाणी उताराने येत नाही. ते धरणातून किंवा नदीच्या जॅकवेलमधून उचलावं लागतं. शहर जितकं दूरचं पाणी आणतं, तितकं बिल मोठं. आणि निवडणुकीच्या तोंडावर पाणीपट्टी वाढवायची छाती कुणाची होत नाही. मग खर्च वाढतो, वसुली थांबते, विजेची थकबाकी साचते, पंप दुरुस्तीला पैसे राहत नाहीत. पाणी एक दिवसाआडचं चार दिवसांआड होतं. आणि पाणीच येत नाही म्हणून लोक पट्टी भरत नाहीत.

या चक्रात श्रीमंत माणूस अडकत नाही. तो बोअर घेतो, टाकी बांधतो, टँकर बोलावतो. अडकतो तो भाड्याच्या खोलीतला माणूस. साधा हिशोब करा. सरकारी निकषाप्रमाणे भुयारी गटारं असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हवं. पाच माणसांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर. पाणी तीन दिवसांनी येत असेल तर दोन हजार लिटरची साठवण हवी. दहा बाय दहाच्या खोलीत दोन हजार लिटरची टाकी ठेवायची कुठे? मग तो पिण्यासाठी जार घेतो. वीस लिटरचा जार तीस रुपयांना धरला तर हजार लिटरचे झाले पंधराशे रुपये. "गरिबाला पाण्याचे पैसे परवडत नाहीत" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. गरीब माणूस पाण्याचे पैसे देतोच आहे. फक्त ते पालिकेत जात नाहीत.

लातूर: मीटर आलं, विश्वास आला नाही

लातूरचं पाणी पन्नास किलोमीटरहून दूर असलेल्या मांजरा धरणातून, धनेगावहून येतं. योजना मोठी, खर्च मोठा, वसुली तोकडी. शेवटी २००८ मध्ये शहराचा पाणीपुरवठा दहा वर्षांच्या करारावर खासगी कंपनीकडे गेला. मीटर बसवायचे, गळती कमी करायची, हळूहळू चोवीस तास पाण्याकडे जायचं, असं सांगण्यात आलं.

लोकांनी विरोध केला. मीटरचा खर्च आमच्यावर का? दर वाढणार, पण पाणी कधी वाढणार? करार कुणाला विचारून केला? प्रश्न रास्त होते आणि त्यांची पटणारी उत्तरं लोकांपर्यंत पोचली नाहीत. आंदोलनं झाली, मीटरचं काम अडलं आणि काही वर्षांत तो करारच गुंडाळला गेला. खासगीकरण थांबलं, हे अनेकांना विजयासारखं वाटलं. पण गळती, वसुली आणि मोजणीचा मूळ प्रश्न तिथेच राहिला.

मग दुष्काळ आला. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडं पडलं. मार्चमध्ये टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. पाण्यापाशी कलम १४४! एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणींत साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीने एका खेपेला पंचवीस लाख लिटर यायला लागलं. आकडा मोठा वाटतो ना? २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख ८३ हजार. पहिल्या गाडीने माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी आणलं. मोठ्या गाडीने साडेसहा लिटर.

दुष्काळाला मीटर जबाबदार नव्हतं, खासगीकरण रद्द होणंही नव्हतं. पाऊस नव्हता, आणि मांजरा खोऱ्यातला ऊस हा आणखी वेगळा विषय आहे. पण ज्या शहराला आपलं पाणी कुठे किती जातं हे माहीत असतं, ते शहर धरण निम्म्यावर आलं तेव्हाच कपात सुरू करू शकतं. ज्याला माहीत नाही, त्याला तळ दिसल्यावरच जाग येते.

मलकापूर: आधी पाणी, मग बिल

आता दुसरं उदाहरण. कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावरचं मलकापूर. २००८ मध्ये नगरपंचायत झालेलं, तेव्हा तीसेक हजार वस्तीचं गाव. मोठी महापालिका नाही, खास श्रीमंतीही नाही. तिथे नगरपंचायत आणि जीवन प्राधिकरणाने मिळून २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केलं. देशभरातून लोक ते बघायला गेले, राष्ट्रीय पातळीवर कौतुक झालं.

त्यांनी वेगळं काय केलं? मला महत्त्वाचा वाटतो तो कामाचा क्रम. गावाच्या पाईपलाईनचा नकाशा संगणकावर बसवून दाबाचं गणित केलं. गाव छोट्या छोट्या विभागांत वाटलं, म्हणजे कुठल्या विभागात किती पाणी गेलं आणि किती पाण्याचं बिल झालं हे ताडून बघता येतं. फरक दिसला की गळती तिथेच शोधायची. घराघरांत जाणारे जुने गंजके नळ बदलून सांधे नसलेले प्लास्टिकचे पाईप टाकले, कारण सर्वांत जास्त गळती त्या शेवटच्या टप्प्यातच असते. प्रत्येक जोडणीला मीटर बसवलं. आणि दर टप्प्याटप्प्याचा ठेवला. गरजेपुरत्या पाण्याला कमी दर, त्यावर चढता.

चोवीस तास पाणी दिलं तर लोक जास्त वापरतील ही सगळ्यांना भीती असते. होतं उलटं. आपल्याकडे पाणी आलं की आधी काय होतं आठवा. कालचं भरलेलं "शिळं" पाणी मोरीत ओततो आणि सगळी भांडी नव्याने भरतो. पाणी काही शिळं होत नाही, पण उद्या येईल की नाही याची खात्री नसली की माणूस साठवतो आणि ओततो. नळ कधीही सोडला तरी पाणी येणार, आणि सोडलं तेवढं बिल येणार, हे दोन्ही कळलं की बिनतोटीचा नळ गावात दिसेनासा होतो.

मग आपल्याकडे उद्याच मीटर लावायचं का?

नाही. इथेच माझा दोन्ही तटांशी मतभेद आहे.

दिवसाआड तासभर पाणी येणाऱ्या गावात आधी मीटर बसवणं म्हणजे खडबडीत रस्त्यावर टोलनाका उभारणं. त्याला तांत्रिक कारणही आहे. पाणी बंद असतं तेव्हा पाईप रिकामे होऊन त्यात हवा भरते. पाणी सोडलं की आधी ती हवा जोरात बाहेर पडते आणि साधं मीटर हवेनेही फिरतं. म्हणजे बिल हवेचं! सोबत येणारा गाळ मीटरमध्ये अडकतो आणि ते बंद पडतं. शिवाय रिकाम्या पाईपला लोकांनी मोटारी लावल्या की बाजूच्या गटाराचं पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढलं जातं. पावसाळ्यात कावीळ आणि जुलाब याच वाटेने येतात.

तेव्हा माझी भूमिका स्पष्ट आहे. मीटर हवं, पण शेवटी. त्याआधी पालिकेने स्वतःचं माप द्यावं. पुढच्या वेळी नगरसेवक भेटले किंवा सर्वसाधारण सभा लागली की हे पाच प्रश्न विचारा.

१. जॅकवेलमधून रोज किती पाणी उचललं जातं? फिल्टर हाऊसमधून किती बाहेर पडतं? प्रत्येक टाकीच्या तोंडाशी मोठं मीटर आहे का? घरात मीटर लावायच्या आधी हे मीटर हवं.

२. गळती आणि बेहिशोबी पाणी किती टक्के? केंद्राच्या निकषाप्रमाणे हे २० टक्क्यांच्या आत हवं. आकडा नसेल तर पाण्याचं ऑडिट कधी करणार? वीजबिलाचं ऑडिट त्याच्याबरोबरच व्हावं.

३. चोवीस तास जमत नसेल तर एखादा तरी विभाग आधी करून दाखवणार का? एका वॉर्डात दाब टिकला, गळती घटली, तर दुसरा वॉर्ड स्वतःहून मीटर मागेल.

४. दराचे टप्पे जोडणीवर ठरणार की माणसांवर? जुन्या वाड्यात एका नळावर तीन बिऱ्हाडं असतात. त्यांचा वापर एकत्र मोजला तर गरीब माणसंच वरच्या टप्प्यात जातील आणि बंगल्यातली दोन माणसं खालच्या टप्प्यात राहतील. पाच माणसांच्या घराला महिन्याला वीस हजार लिटर लागतात. तेवढं पाणी सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसायलाच हवं.

५. पाणीपट्टीचे पैसे पाण्यावरच खर्च होतात का? पाण्याचा जमाखर्च वेगळा काढून दरवर्षी पालिकेच्या फलकावर लावा. जे लोक हिशोब बघतात, ते दरवाढही समजून घेतात.

आणि एक प्रश्न आपण स्वतःला विचारायचा. थकबाकीत फक्त झोपडपट्टी नसते. पट्टी न भरता बेकायदा जोडणीवर मोटार चालवणारी प्रतिष्ठित घरंही असतात, आणि आपल्या गल्लीत ती कोणती हे आपल्याला ठाऊक असतं. मीटर बसल्यावर पहिला आवाज तिकडून आला तर आश्चर्य वाटू देऊ नका. तो आवाज गरिबाच्या नावाने येईल, एवढं मात्र ओळखून ठेवा.

ही पोस्ट आपापल्या वॉर्डाच्या ग्रुपवर टाका. सभेची तारीख जाहीर झाली की इथे लिहीनच. प्रेक्षक गॅलरीत बसायला परवानगी मिळते. गॅलरी भरलेली असली की सभेत निदान आकडे तरी बोलले जातात.